धुरात वाढलेले काळीज

माझ्या थोरल्या आईचा छातीचा फोटो आमच्या घरात अजून जपून ठेवलेला आहे. तपकिरी पाकिटात, ट्रंकेच्या मागे, भिंतीला लावून. खिडकीच्या उजेडाला धरला की मधोमध एक फुगलेली पांढरी सावली दिसते. पाण्याने भरलेल्या पखालीसारखी, खाली पसरलेली आणि वर निमुळती. उजव्या फुप्फुसात वरच्या अंगाला आणखी एक डाग आहे, सुपारीएवढा. तालुक्याच्या डॉक्टरांनी फोटो बघून दादाला सांगितले, "हार्ट मोठं झालंय." दादाने घरी येऊन तेच शब्द सांगितले. ओसरीवर बसलेल्या एका म्हातारीने सुस्कारा सोडला आणि म्हणाली, "व्हय की. काळीज मोठंच हाय तिचं. कधी कुणाला न्हाय म्हटलं न्हाय." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. मी शिकलासवरलेला, शहरातून आलेला. मलाही त्या वाक्यात काही चुकले असे वाटले नाही.

त्या मान डोलावण्याची मला आज लाज वाटते. ती लाज माझ्या एकट्याची नाही, म्हणून हा लेख.

थोरली आई नवव्या वर्षी चुलीपुढे बसली. लग्न होऊन आली तेव्हा आमच्या घरात चौदा माणसे होती. पहाटे अंघोळीच्या पाण्याचा हंडा, मग चहा, मग भाकऱ्या, दुपारी गड्यांचे जेवण, संध्याकाळी पुन्हा भाकऱ्या. दिवसाचे पाच-सहा तास तिच्या हातात फुंकणी असायची. पावसाळ्यात सरपण ओले असे, तेव्हा तिचे डोळे दिवसभर लाल असत. पन्नाशीच्या आत तिला खोकला लागला. आम्ही पोरे त्याला 'थोरल्या आईचा खोकला' म्हणायचो. तिच्या चालण्याबोलण्यासारखाच तो तिचा भाग होऊन गेला. साठीला आली तेव्हा विहिरीचा चढ चढताना ती दोनदा थांबायची. संध्याकाळी पाय सुजायचे. रात्री आडवे झाले की धाप लागते म्हणून भिंतीला टेकून झोपायची. तिच्या उशाच्या गोधड्या दोनाच्या चार झाल्या हे घरात फक्त वहिनीला माहीत होते, आणि वहिनीला विचारणारे कुणी नव्हते. थोरल्या आईने आयुष्यात कधी विडीला हात लावला नाही.

आपला अपराध कळायला आधी शरीर कळायला हवे, म्हणून थोडे शरीराबद्दल सांगतो. छातीच्या फोटोत हृदयाची आडवी रुंदी छातीच्या पिंजऱ्याच्या आतल्या रुंदीच्या निम्म्याहून जास्त भरली की डॉक्टर हृदय मोठे झाले असे म्हणतात. पण फोटो ही सावली आहे. स्नायू फुगला आहे की भोवती पाणी साचले आहे, हे सावलीवरून सांगता येत नाही. खाटेवर निजवून काढलेल्या फोटोत तर निरोगी हृदयही असते त्याहून मोठे दिसते. खरे काय ते कळायला टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करावी लागते. तिला सुई लागत नाही, चिरफाड लागत नाही, अर्ध्या तासाच्या आत काम होते.

थोरल्या आईचा तो सुपारीएवढा डाग कॅन्सरचा होता, हे पुढे कळले. हृदय मोठे दिसण्याची पहिली वाट पाण्याची. फुप्फुसाच्या कॅन्सरच्या रोग्यात ही सावली वाढलेली दिसली की पाण्याचा संशय घ्यावाच लागतो. हृदय एका दुपदरी पिशवीत बसलेले असते. त्या पिशवीत एरवी काही चमचे पाणी असते, वंगणापुरते. फुप्फुसातली गाठ या पिशवीच्या अगदी शेजारची. ती पिशवीवर पसरली की आत पाणी झिरपू लागते. सावकाश साचले तर पिशवी ताणत जाते आणि लिटरभर पाणीही सामावून घेते. रोगी महिनोन्‌महिने 'जरा दम लागतो' एवढेच म्हणत राहतो. भराभर साचले तर दीड-दोनशे मिलिलिटरही जिवावर बेतते, कारण चहूबाजूंनी आवळलेल्या हृदयाला रक्त भरून घ्यायला जागाच उरत नाही. रक्तदाब घसरतो, मानेच्या शिरा तट्ट फुगतात, छातीला नळी लावली तर ठोके लांबून आल्यासारखे ऐकू येतात. क्लॉड बेक या अमेरिकन शल्यवैद्याने या तीन खुणा १९३५ साली लिहून ठेवल्या. फुगलेल्या शिरा ओळखायला कुठलेच यंत्र लागत नाही, रोग्याच्या मानेकडे बघावे लागते. पदराखाली झाकलेल्या मानेकडे बघायची फुरसत घरच्यांना नसते, आणि दारात शंभर माणसांची रांग असलेल्या डॉक्टरलाही नसते.

दुसरी वाट उजव्या कप्प्याची. हृदयाची डावी बाजू रक्त साऱ्या शरीरात फिरवते. उजवी ते फक्त फुप्फुसापर्यंत ढकलते. काम हलके म्हणून तिची भिंतही पातळ, जेमतेम तीन ते पाच मिलिमीटर जाडीची. वर्षानुवर्षांच्या धुराने फुप्फुस जर्जर झाले आणि रक्तात प्राणवायू कमी पडू लागला, की फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या आकसतात. मग सपाटीवर चालायची सवय असलेल्या बैलाला भरला गाडा घाटात ओढायला लावावा तसे त्या पातळ भिंतीचे होते. ती आधी जाड होते, मग थकते, मग सैल पडून फुगते. पायावर सूज येते, यकृत वाढून पोट जड होते, ओठ निळसर पडतात. गाठ होण्याच्या कितीतरी आधीपासून ही वाट सुरू झालेली असू शकते. विडीने आखडलेल्या धमन्या, कधीच न तपासलेला रक्तदाब, कॅन्सरवरची काही औषधे, छातीला दिलेले किरण, यांनीही हृदयाचा स्नायू कमजोर होतो. त्यात इथे शिरत नाही. थोरल्या आईच्या त्या एका फोटोत पहिल्या दोन्ही वाटा येऊन मिळाल्या होत्या.

चुलीच्या धुराने बायकांचे हृदय वाढते, हे आपल्याला परक्यांनी येऊन सांगितलेले नाही. भारतातल्या पहिल्या स्त्री हृदयरोगतज्ज्ञ डॉ. एस. पद्मावती १९५० च्या दशकात दिल्लीत लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजात काम करत होत्या. उजवे हृदय थकलेल्या रोग्यांत त्यांना बायका दिसू लागल्या, विडी-सिगारेट न ओढणाऱ्या. १९५९ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने अशा हृदयविकाराच्या १२७ रोग्यांचा अभ्यास 'सर्क्युलेशन' या अमेरिकन नियतकालिकात छापला. लाकूड आणि शेणीच्या धुराकडे त्यांनी तेव्हाच बोट दाखवले. त्यानंतर पद्मावतीबाई आणखी साठ वर्षे जगल्या, नव्वदी उलटल्यावरही काम करत राहिल्या, आणि २०२० च्या ऑगस्टमध्ये १०३ व्या वर्षी कोविडने गेल्या. एका बाईने एक सत्य सांगितले आणि ते ऐकले जाण्यासाठी शतकभराचे आयुष्यही पुरले नाही. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कर्क स्मिथ हा अमेरिकन संशोधक गुजरातच्या खेड्यांत जाऊन स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या श्वासात किती धूर जातो ते मोजून आला. उघड्या चुलीचा तासाभराचा धूर म्हणजे स्वयंपाकघरात चारशे सिगारेटी जाळण्यासारखे, अशी तुलना तो पुढे करत असे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनेही या शतकाच्या पहिल्याच दशकात घरात जळणाऱ्या दगडी कोळशाचा धूर कर्ककारक ठरवला आणि लाकूड-गोवऱ्यांचा धूर 'बहुधा कर्ककारक' या वर्गात घातला.

उपायही आपल्याच अंगणात होता. स्वातंत्र्याच्या सुमाराला वर्ध्याच्या मगनवाडीत धूर बाहेर नेणारी 'मगन चूल' तयार झाली. १९८० च्या दशकात केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला, गावोगाव चुली बसवल्या, आकडे जाहीर केले. २००२ साली तो कार्यक्रम गुंडाळला गेला. आमच्या गावातही त्या चुली आल्या होत्या. धुराडे काजळीने बुजले, मग पत्रा गंजून पडला. ते साफ करायला छपरावर चढायचे कुणी? बाईने चढायचे नाही अशी रीत, आणि पुरुषाला त्या धुराड्याची गरज वाटत नव्हती, कारण धूर त्याच्या छातीत जात नव्हता.

गॅस आला. उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली ऐंशीच्या आसपास टक्के घरे स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करतात असे नोंदले गेले. ही खरी प्रगती आहे आणि ती मी नाकारत नाही. पण खेड्यात जाऊन मागच्या दाराने आत शिरा. ओट्यावर शेगडी आहे, तिच्यावर चहा होतो, पाहुणे आले तर पोहे होतात. परसात पत्र्याखाली चूल आहे. अंघोळीचे पाणी तिथे, भाकऱ्या तिथे, गुरांचे आंबवण तिथे. सिलिंडर दोन महिने पुरला पाहिजे असा घरचा हुकूम असतो. त्याच घरात दोन मोटरसायकली असतात, मोबाइलचा रिचार्ज एक दिवसही चुकत नाही, पोराच्या लग्नात डीजेला दिलेल्या पैशात दोन वर्षांचे सिलिंडर आले असते. 'परवडत नाही' हे वाक्य आपण नेमके कुणाच्या छातीपाशी उच्चारतो, हे प्रत्येकाने तपासावे. ज्या घरात खरोखरच चणचण आहे त्या घराला मी बोलत नाही. तिथे दोष सरकारच्या हिशेबाचा आहे, सिलिंडर देऊन तो भरायची ऐपत न देणाऱ्यांचा आहे. मी बोलतो आहे ते माझ्यासारख्या घरांना.

आणि शहरातल्या लोकांना. पुण्याहून कुठल्याही हमरस्त्याने बाहेर पडा, पाट्याच पाट्या दिसतात: चुलीवरचं मटण, चुलीवरची भाकरी, चुलीवरची मिसळ. गाड्या थांबतात. लोक सहकुटुंब उतरतात, फोटो काढतात, 'गावची चव' म्हणून बोटे चाटतात. मागे पत्र्याच्या आडोशाला नऊवारी नेसलेली बाई चार-चार चुलींपुढे सकाळी अकरापासून रात्री अकरापर्यंत भाकऱ्या थापत असते. ती दिसावी म्हणून तिला कधी कधी मुद्दाम दर्शनी भागात बसवतात. तिचे बसणे हीसुद्धा जाहिरात असते. जिचे फुप्फुस जळते आहे तिला शोभेची वस्तू करणारा समाज आपल्या संस्कृतीच्या गप्पा कोणत्या तोंडाने मारतो? केशवपन थांबले, मुलींच्या शाळा निघाल्या, पाणवठे खुले झाले, त्यासाठी या महाराष्ट्रात माणसांनी शेण अंगावर घेतले, बहिष्कार सोसले. चूल मात्र आपण तिथेच ठेवली आणि तिच्या धुराला चव म्हणू लागलो.

पुरुषांच्या छातीतला धूर विडीचा. त्याबद्दल बोलताना आपण लगेच कठोर होतो, म्हणून सावकाश बोलतो. विडीत तंबाखू सिगारेटपेक्षा कमी असते. पण तेंदूच्या पानातून हवा नीट जात नाही, ती विझू नये म्हणून सारखे ओढावे लागते, आणि निकोटिन, डांबर व कार्बन मोनॉक्साइड छातीत जास्त जातात. ती गरिबाची आहे, बांधावरची आहे, गवंड्याची आणि हमालाची आहे. जेवायला सुट्टी न देणारा मुकादम विडी ओढायला पाच मिनिटे देतो, हे मी बांधकामावर पाहिले आहे. अशा ठिकाणी विडी हीच विश्रांती होऊन बसते. तिला स्वस्त ठेवण्यात मात्र सगळ्यांचे एकमत. जीएसटी लागू झाल्यापासून सिगारेटवर उपकर होता, विडीवर नव्हता. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेने सिगारेट-गुटखा ४० टक्क्यांच्या रांगेत बसवला आणि विडीवरचा दर २८ टक्क्यांवरून १८ वर, तेंदूपानावरचा १८ वरून ५ वर आणायचे ठरवले. कारण सांगितले जाते ते विडी वळणाऱ्या बायकांच्या रोजगाराचे. सोलापूर, सिन्नर, संगमनेर, निपाणीच्या त्या बायका मी पाहिल्या आहेत. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी तान्हे मूल, हजार विड्यांमागे हातात पडणारी तुटपुंजी मजुरी. त्यांच्यासाठी १९६६ साली कायदा झाला, १९७६ साली कल्याण निधीचा कायदा झाला. त्यांच्या पोटासाठी दुसरे काम उभे करणे अवघड आहे, हे मान्य. पण नवऱ्याचे फुप्फुस जाळून बायकोला मजुरी द्यायची आणि त्याला कनवाळूपणा म्हणायचे, हे मला मान्य नाही. त्या दोघांच्या घरात फोटो एकच निघतो.

आता डागाबद्दल. आपल्याकडे फुप्फुसावर डाग दिसला की पहिला शब्द टीबी. देशात टीबी आहे, फार आहे, म्हणून संशय घेणे चूक नाही. चूक पुढे होते. थुंकीत जंतू सापडले नाहीत तरी गोळ्या सुरू होतात, सहा-सहा महिने चालतात, वजन घटत राहते, आणि कुणी पुन्हा फोटो काढून बघत नाही की डाग कमी झाला की वाढला. भारतात फुप्फुसाचा कॅन्सर असलेले रोगी मोठ्या संख्येने आधी टीबीची औषधे खाऊन आलेले असतात आणि बहुतेकांचे निदान तिसऱ्या किंवा चौथ्या टप्प्यावर होते. मुंबईच्या टाटा रुग्णालयातून या रोगाच्या जवळजवळ पाचशे रोग्यांची जी माहिती २०१२ साली प्रसिद्ध झाली, तिच्यात निम्म्याहून थोडे अधिक रोगी धूम्रपान न करणारे होते. तरीही 'विडी ओढत नाही ना? मग कॅन्सर नसणार' हे वाक्य आजही बोलले जाते. धूम्रपान न करणाऱ्यांच्या, त्यातही बायकांच्या गाठीत पुष्कळदा असा जनुकीय बदल सापडतो की ज्यावर रोज एक गोळी घेऊन माणूस महिने, कधी वर्षे चांगली काढतो. ती गोळी आता आपल्या देशात बनते आणि पूर्वीइतकी महाग राहिलेली नाही. पण त्या गोळीपर्यंत पोचायला गाठीचा तुकडा तपासावा लागतो, आणि तुकड्यापर्यंत पोचायला बाईचा दम कुणालातरी मोजावा लागतो.

थोरल्या आईला दोन वर्षे पायाच्या सुजेवर लघवीची गोळी मिळाली. मग डाग दिसल्यावर सात महिने टीबीची औषधे. इको करा असे एका डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिले होते. तारीख सुगीतली होती, पुढे ढकलली. मग लग्न होते, पुढे ढकलली. मग ती स्वतःच म्हणाली, "ऱ्हाऊ दे, आता बरं वाटतंय." घरातली कर्ती माणसे या वाक्याची वाटच बघत असतात. आजारी बाई 'राहू दे' म्हणाली की आपली जबाबदारी संपली, असा एक अलिखित कायदा आपण केला आहे. पुरुष 'राहू दे' म्हणाला तर त्याला बळेच गाडीत घालतात. बाईचे 'राहू दे' तिची समजूत म्हणून गौरवले जाते.

शेवटी एके पहाटे मानेच्या शिरा तट्ट फुगून, घामाने निथळत ती बसून राहिली, तेव्हा जिल्ह्याला नेली. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी इको केली आणि त्याच खाटेवर बरगड्यांच्या खालून सुई घालून सातशे मिलिलिटर पाणी काढले, रक्ताळलेले. त्यात कॅन्सरच्या पेशी सापडल्या. दाराबाहेर उभ्या असलेल्या आमच्या एका नातलगाने सुई घालण्याआधी म्हटले होते, "कशाला टोचताय आता? शेवटचे दिवस आहेत, शांतपणे जाऊ द्या." मी ते वाक्य विसरू शकत नाही. कारण पाणी निघाल्यावर तासाभराने थोरली आई उताणी झोपली. कितीतरी महिन्यांत पहिल्यांदा, पाठ टेकून. वहिनी रडली ती तेव्हा.

हृदयाभोवतीचे पाणी काढल्याने कॅन्सर जात नाही. श्वास परत येतो. पिशवीत नळी ठेवून किंवा छोटी खिडकी करून पुन्हा साचणारे पाणीही काढत राहता येते. रक्तातला प्राणवायू फार कमी पडलेल्या जुन्या फुप्फुसरोग्याला दिवसाचे पंधरा तास किंवा अधिक प्राणवायू दिला तर तो जास्त जगतो, हे १९८०-८१ च्या दोन परदेशी अभ्यासांत सिद्ध झाले. धाप कमी करायला मॉर्फिनचा छोटा डोस उपयोगी पडतो. ते मिळणे सोपे व्हावे म्हणून २०१४ साली कायदाही बदलला. यातले काहीही चमत्काराचे नाही. 'शांतपणे जाऊ द्या' म्हणणाऱ्याने एकदा नाक दाबून जिना चढून बघावा. गुदमरून जाण्यात कसली शांतता आली? ज्याला आपण रोग्यावरची दया समजतो ती पुष्कळदा आपल्याच दमण्याची, खर्चाची आणि रुग्णालयाच्या फेऱ्यांची कटकट असते.

तिला कॅन्सर आहे हे तिला कुणी सांगितले नाही. दादाला सांगितले, मला सांगितले, गावातल्या निम्म्या लोकांना कळले. तिच्याच छातीतली गोष्ट तिच्यापासून लपवून आम्ही तिच्यावर प्रेम केले, असे आम्हाला वाटत होते. एका दुपारी तिने मला विचारले, "माझ्या काळजात पाणी कुठनं आलं रं?" मी म्हणालो, "वयानं येतं." साठ वर्षे ज्या चुलीने तिला पोळले तिचे नाव घ्यायचे धैर्य मला झाले नाही, कारण त्या चुलीवरच्या भाकरीवर मी वाढलो होतो. ती साडेचार महिने जगली.

डॉक्टरांकडूनही माझे मागणे आहे, आणि ते रागाने नाही. बाईच्या केसपेपरवर 'धूम्रपान: नाही' असे लिहून थांबू नका. 'चुलीपुढे किती वर्षे, दिवसाचे किती तास' हेही विचारा आणि लिहा. फोटोत हृदय मोठे दिसले तर 'मोठं झालंय' एवढे सांगून घरी पाठवू नका. ते कशाने मोठे झाले हे शोधल्याशिवाय निदान पुरे होत नाही. सरकारकडे मागणे असे की तालुक्याच्या रुग्णालयात इको करता येणारा माणूस आणि यंत्र दोन्ही ठेवा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार आहेत. पण निदान होऊन रोगी त्या योजनेच्या दारापर्यंत पोचेतो निम्मी लढाई हरलेली असते. दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत एखादी रात्र काढा. गावोगावहून टाटाला आलेली माणसे तिथे पथारी पसरून असतात. त्यांना 'पहिल्यांदा दम कधी लागला' असे विचारा, आणि 'दवाखाना कधी गाठला' असे विचारा. त्या दोन उत्तरांमधले अंतर हे आपले माप आहे.

आमच्या परसातली चूल अजून पेटते. आता तिथे वहिनी बसते. गेल्या पावसाळ्यापासून विहिरीचा चढ चढताना ती एकदा थांबते. विचारले तर म्हणते, "काय न्हाय वो भाऊजी, ऱ्हाऊ दे." या सोमवारी मी तिला छातीच्या फोटोला आणि इकोला घेऊन जाणार आहे; दादाशी त्यावरून भांडण झाले आहे आणि आणखी होईल. सिलिंडर महिन्याला एक भरायचा आणि अंघोळीचे पाणी ज्याचे त्याने गॅसवर तापवायचे, एवढे कबूल करून घेतले आहे. तुमच्या घरात चुलीपुढे कोण बसते? आज रात्री ती किती उशा घेऊन झोपते, ते उठून बघा.